पिकअप ट्रकला कोल्ड एअर इंटेक बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टनच्या पश्चिमेला आमच्या गराजमध्ये गेल्या काही वर्षांत मित्रमंडळींच्या पाच-सहा पिकअपना इंटेक बसवून झाले. प्रत्येक वेळी आधी तेच प्रश्न येतात, बसवताना वेगळे येतात आणि आठवडाभराने रात्री अकरा वाजता फोन येतो तो चेक इंजिनच्या पिवळ्या दिव्याचा. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. अनुभव मुख्यतः टोयोटा टॅकोमा (३.५ लिटर व्ही-६, २०१६ ते २०२३) आणि फोर्ड एफ-१५० यांचा आहे. तुमची गाडी वेगळी असेल तर बोल्ट वेगळे निघतील, बाकी हवा तीच.

१. कोल्ड एअर इंटेक म्हणजे नेमकं काय? आणि ट्रक म्हणजे लॉरी ना?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो माझ्या आईचा आहे. मी ट्रक घेतला म्हटल्यावर ती म्हणाली, "नोकरी सोडलीस की काय?" अमेरिकेत ट्रक म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप. लोक ती ऑफिसला नेतात आणि कॉस्टकोतही नेतात.

इंजिनाला हवा लागते. ती बंपरच्या किंवा फेंडरच्या मागून एका प्लास्टिकच्या बॉक्समध्ये येते, कागदी फिल्टरमधून गाळली जाते आणि पाइपमधून थ्रॉटल बॉडीत, म्हणजे पायाखालच्या पेडलने उघडझाप होणाऱ्या झडपेत, जाते. बाजारातला कोल्ड एअर इंटेक म्हणजे हा बॉक्स, फिल्टर आणि पाइप तिन्ही काढून त्यांच्या जागी मोठा शंकूच्या आकाराचा फिल्टर, गुळगुळीत आतल्या बाजूचा पाइप आणि इंजिनाची धग अडवणारा पत्रा किंवा बंद बॉक्स बसवणं. तत्त्व साधं आहे: हवा जितकी गार तितकी दाट, आणि दाट हवेत प्राणवायू जास्त.

२. म्हणजे कंपनीचा बॉक्स गरम हवा ओढतो का?

नाही, आणि जाहिराती नेमकं हेच लपवतात. आजच्या जवळजवळ सगळ्या पिकअपमध्ये मूळ बॉक्सचं तोंड इंजिनाच्या खोलीबाहेर असतं. गाडीच्या संगणकाला पन्नास डॉलरचा ब्लूटूथ स्कॅनर लावून आत जाणाऱ्या हवेचं तापमान पाहा. हायवेवर माझ्या टॅकोमाचा मूळ बॉक्स बाहेरच्या हवेपेक्षा आठ-दहा अंश फॅरनहाइटच गरम हवा घेत होता. सिग्नलला उभं राहिलं की आकडा चढतो, पण तो नव्या इंटेकनेही चढतो.

उलट धोका स्वस्त किटचा असतो. नुसता पाइप आणि त्याच्या टोकाला उघडा शंकू, मध्ये आडपडदा काही नाही. असा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हिशेब करून पाहा: ३० अंश सेल्सियसऐवजी ६० अंशांची हवा घेतली तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. म्हणजे पैसे देऊन ताकद कमी करून घेतली. किट घ्यायचंच तर बंद बॉक्सवालं, निदान बॉनेटला रबराची कड टेकणारा पत्रा असलेलं घ्या.

३. हॉर्सपॉवर किती वाढते?

डब्यावर ५ ते १५ च्या आसपासचे आकडे छापलेले असतात. ते बहुतेक वेळा वरच्या आरपीएमवर, पूर्ण थ्रॉटलला मोजलेले असतात. २७८ हॉर्सपॉवरच्या टॅकोमात त्यातले पाच-सात खरोखर मिळाले तरी पार्श्वभागाला जाणवणार नाहीत. "गाडी उडतेय" असं जे वाटतं ते कानाला वाटतं. प्रश्न ५ पाहा.

४. मायलेज वाढतं का?

नाही. पेट्रोल इंजिनात वेग आपण हवा अडवूनच ठरवतो. थ्रॉटलची चकती अर्धवट बंद असते आणि सगळ्यात मोठा अडथळा तीच असते. त्याच्या मागचा पाइप रुंद केला तर चकती त्याच वेगासाठी आणखी थोडी मिटते, हवा तेवढीच जाते आणि तेवढंच पेट्रोल जळतं. पहिल्या महिन्यात मायलेज घटलेलंच दिसेल, कारण आवाज ऐकायला पाय जड होतो. माझा झाला होता.

५. मग बसवायचा कशासाठी?

आवाजासाठी. एवढं प्रामाणिकपणे मान्य केलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. कंपनीच्या बॉक्समध्ये आवाज दाबणाऱ्या पोकळ्या असतात. त्या गेल्या की पूर्ण थ्रॉटलला इंजिन घशातून घुमतं. गावच्या देवळातला शंख कोणी पूर्ण दमाने फुंकावा तसं. हळू चालवताना गाडी पूर्वीसारखीच शांत राहते. दुसरं कारण, स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून दोन तास हात काळे करण्याचं सुख. ही दोन्ही कारणं पुरेशी वाटत नसतील तर ३०० ते ५०० डॉलर चांगल्या टायरांवर घाला. नाकापेक्षा मोती जड करू नका.

६. तेल लावलेला फिल्टर घ्यावा की कोरडा?

माझं मत कोरडा, आणि यावर माझ्याशी वाद घालणारे मित्र आहेत. के अँड एनसारखे तेल लावलेले सुती फिल्टर वर्षानुवर्षं चालतात, धुऊन पुन्हा तेल लावता येतं. अडचण फिल्टरची नसते, हाताची असते. धुतल्यावर लोक बाटली उपडी करतात. जादा तेलाचा अंश हवेबरोबर पुढे जाऊन एअर फ्लो सेन्सरच्या, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या, केसासारख्या तारेवर बसतो आणि सेन्सर चुकीचं सांगू लागतो. तेल लावायचं झालं तर फिल्टर पूर्ण सुकू द्या, मग प्रत्येक घडीवर एकच बारीक धार सोडा, अर्धा तास थांबा, आणि पांढरे पट्टे राहिले असतील तिथेच पुन्हा थेंब टाका. कोरड्या फिल्टरला तेल कधीही लावू नका. दोन्ही प्रकारांना काँप्रेसरची हवा मारू नका, विणीला भोकं पडतात.

धूळ अडवण्याची चाचणी आयएसओ ५०११ या मानकाने होते. कंपनी त्या चाचणीचे आकडे देत असेल तर ते पाहा. नुसतं "जास्त हवा" छापलेलं असेल तर ती हवा काय घेऊन येते हेही विचारा.

७. मला जमेल का? अवजारं कोणती, वेळ किती?

ज्याने आयकियाचं कपाट न रागावता जोडलंय त्याला जमेल. माहितीपत्रकात एक तास लिहिलेला असतो. पहिल्यांदा अडीच-तीन धरा, त्यात चहा आला. १० आणि १२ मिलिमीटरचे सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, फुलीचा स्क्रूड्रायव्हर, फोर्डसाठी टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारखी) बिटं आणि गोल क्लॅम्पसाठी ५/१६ इंची नट ड्रायव्हर. इंची नसेल तर ८ मिलिमीटरचं सॉकेटही त्यावर बसतं. एक चुंबकाची काठीही ठेवा, कारण एक तरी बोल्ट खालच्या प्लास्टिकवर पडणारच.

इंजिन गार असताना काम करा. ऑगस्टमध्ये टेक्सासात गार म्हणजे सकाळी सात.

८. बसवण्याचा क्रम सांगाल का? व्हिडिओत सगळं भरभर होतं.

आधी सगळे सुटे भाग जमिनीवर चादर अंथरून मांडा आणि यादीशी ताडून पाहा. जुनं खोलल्यावर एक रबरी जोड कमी निघाला तर गाडी आठवडाभर गराजमध्ये बसते. मोबाइलने बॉनेटखालचे चार फोटो काढा. बॅटरीची ऋण वायर सोडवा.

एअर फ्लो सेन्सरची वायर काढताना प्लगवरची कळ दाबून प्लग ओढा, वायर ओढू नका. जुनी प्लास्टिकची कळ उन्हाने कडक झालेली असते, नखाने हळूच उचला. मग थ्रॉटल बॉडीवरचा क्लॅम्प सैल करा, ब्रीदरची (इंजिनातल्या वाफा पाइपात आणणारी) बारीक नळी सोडवा, पाइप काढा आणि शेवटी बॉक्स. टॅकोमाचा बॉक्स बोल्ट काढल्यावरही खालच्या रबरी खुंट्यांत अडकून राहतो. सरळ वर, जरा हिसका देऊन निघतो. एका मित्राच्या बॉक्सच्या तळाशी ओकची वाळकी पानं, इन्सुलेशनचा कापूस आणि नीट रचलेली अकरा ओकफळं निघाली. खारीने हिवाळ्याची बेगमी करून ठेवली होती. आम्ही ती कुंपणाजवळ ओतली.

थ्रॉटल बॉडीचं तोंड आता उघडं आहे. त्यात काही पडू नये म्हणून फडकं लावा, पण भडक रंगाचं आणि मोठं, ज्याचं शेपूट बाहेर लोंबेल असं. माझ्या पहिल्या वेळी मी निळा कागदी टॉवेल कोंबला आणि त्यावरच पाइप चढवला. गाडी नुसती घरघरली, सुरू होईना. बॅटरी, फ्यूज, प्लग, सगळं पाहून झाल्यावर पाइप काढला तर टॉवेल चकतीला चिकटून बसलेला. नशीब, आत गेला नव्हता.

सेन्सर जुन्या पाइपातून नव्यात घालताना तीन गोष्टी पाहा. त्याच्या रबरी रिंगेला चीर नको. आतल्या तारेला बोट लागता कामा नये. आणि त्याच्यावरचा बाण हवेच्या दिशेने, म्हणजे फिल्टरकडून इंजिनाकडे हवा. स्क्रू प्लास्टिकमध्ये बसतात, बोटांच्या जोरानेच आवळा.

आता धग अडवणारा पत्रा, मग पाइप, मग फिल्टर. सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवा. सगळं जागेवर बसून पाइप बॉनेटला, पंख्याला किंवा बॅटरीला टेकत नाही याची खात्री झाली की थ्रॉटलच्या बाजूने सुरुवात करून एकेक आवळा. सिलिकॉनचा जोड क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंनी किंचित फुगला की थांबा. पिळत राहिलात तर जोड चिरतो. बॉनेट लावण्याआधी फिल्टरवर कणकेचा गोळा ठेवून हळूच टेकवून पाहा. तो किती चपटा झाला त्यावरून जागा किती उरली ते कळतं. ही युक्ती बायकोची, कणीकही तिचीच.

बॅटरी जोडा, गाडी सुरू करा, दहा मिनिटं नुसती चालू द्या. कुठे सूं-सूं आवाज येतोय का ते कान देऊन ऐका. पहिल्या शंभर मैलांनंतर क्लॅम्प पुन्हा तपासा, तापून-निवून ते ढिले पडतात.

९. बसवला आणि दुसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. आता?

घाबरू नका, गाडी बंद करून आधी स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचा. पी०१०२ आणि पी०११३ एकत्र आले तर सेन्सरचा प्लग बसलेलाच नाही. टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. पी०१०१ आला तर सेन्सर मळलाय, उलटा बसलाय किंवा पाइपाचा व्यास त्याला मानवत नाही, त्यासाठी प्रश्न १०. पी०१७१ आणि पी०१७४ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. सेन्सरने न मोजलेली हवा त्याच्या पुढच्या एखाद्या फटीतून आत येतेय. बहुतेकदा थ्रॉटलजवळचा क्लॅम्प किंवा ब्रीदरची विसरलेली नळी.

सेन्सर मळला असेल तर त्याच कामाचा एअर फ्लो सेन्सर क्लीनर स्प्रे वापरा, सुकू द्या, मग लावा. ब्रेक क्लीनर नको, कापसाचा बोळा तर नकोच.

खरी भीती मात्र दिवा न लागणाऱ्या फटीची आहे. फट फिल्टर आणि सेन्सर यांच्यामध्ये असेल तर आत येणारी हवा सेन्सर मोजतो. संगणकाच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं, आणि न गाळलेली धूळ सरळ सिलिंडरात जाते. यासाठी हजार मैलांनी पाइप काढून आतून पांढऱ्या कपड्याने पुसून पाहा. कपडा पांढराच निघाला पाहिजे. पिवळट धुळीची रेघ दिसली तर ती रेघ जिथून सुरू होते तिथे फट आहे.

१०. ट्यून करावी लागते का?

ट्यून म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलणं. तुमच्या गाडीसाठीच बनवलेल्या चांगल्या किटला सहसा नाही. कारण समजून घ्या, म्हणजे स्वस्तातलं किट का नको तेही कळेल. सेन्सर सगळी हवा मोजत नाही. पाइपाच्या मधोमध जाणाऱ्या थोड्या हवेवरून तो एकूण हवेचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज पाइपाच्या ठरावीक व्यासावर बेतलेला असतो. ७५ मिलिमीटरच्या जागी ८० चा पाइप लावला की क्षेत्रफळ जवळजवळ १४ टक्के वाढतं. तेवढ्याच हवेत वेग कमी होतो आणि सेन्सर कमी हवा सांगतो. रोजच्या चालण्यात ऑक्सिजन सेन्सर ही चूक भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलला, नेमकं जोर असताना, ती सवलत अपुरी पडू शकते. म्हणून चांगल्या कंपन्या सेन्सरच्या जागी मूळ व्यासच ठेवतात.

स्कॅनरवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम पाहा, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर बरं. त्यापुढे गेलं तर आधी फट शोधा. ट्यून फट बुजवत नाही.

११. माझी एफ-१५० इकोबूस्ट (फोर्डचं टर्बोवालं इंजिन) आहे. वरचं सगळं लागू होतं का?

अर्धं. २०११ ते २०१६ च्या ३.५ इकोबूस्टमध्ये एअर फ्लो सेन्सर नाही. ते इंजिन दाब आणि तापमानावरून हवा काढतं, त्यामुळे प्रश्न १० तुमच्यापुरता मिटला. दोन टर्बो असल्याने पाइपही दोन, वेळ जास्त धरा. टर्बो हवा दाबून तापवतो आणि इंटरकूलर ती पुन्हा निववतो, म्हणून सुरुवातीच्या तापमानातले चार-पाच अंश इथे कमी मोलाचे. आवाज मात्र वेगळा मिळतो: टर्बोची शीळ आणि पाय उचलल्यावर सोडलेला निःश्वास. टर्बोच्या आधीचे क्लॅम्प दुप्पट काळजीने बसवा. तिथे निसटलेला वॉशर थेट लाखभर आरपीएमने फिरणाऱ्या पात्यांत जातो.

१२. पावसात पाणी आत जाईल का?

पावसाने, गाडी धुतल्याने नाही. साचलेल्या पाण्यात गाडी घातली तर जाईल. फिल्टर खाली फेंडरमध्ये लोंबणारा असेल तर पाणी चाकाच्या निम्म्यावर आलं तरी तो बुडतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना मध्ये पाणी सापडलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. २०१७ मध्ये हार्वे वादळानंतर ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. इथे मी बॉक्सच्या मूळ उंचीवर बसणाराच इंटेक सुचवतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ओढूनच न्या.

१३. वॉरंटी जाते का?

सगळी जात नाही. १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा सांगतो की बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे दिसावं लागतं. खिडकीची मोटार गेली तर इंटेकचा संबंध नाही. धूळ जाऊन पिस्टन घासला तर आहे, आणि वाद घालणं तुमच्या नशिबी. सर्व्हिसला जाताना मूळ बॉक्स परत लावणारे लोक मला माहीत आहेत. मी स्वतः लावत नाही, विचारलं तर खरं सांगतो.

१४. कॅलिफोर्नियात चालतो का?

कार्बचा, म्हणजे तिथल्या हवा मंडळाचा, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (मंजुरीचा) क्रमांक त्या किटला आणि तुमच्या गाडीच्या मॉडेल-वर्षाला असेल तरच. किटसोबत त्याचा स्टिकर येतो. तो बॉनेटखाली दिसेल असा चिकटवा, स्मॉग चेकवाला (धूर तपासणारा) डोळ्यांनी तपासतो. जुलै २०२१ पासून तिथे गाडीचं सॉफ्टवेअरही तपासतात, तेव्हा ट्यूनचा मोह धरू नका. सॅन होजेहून ऑस्टिनला आलेल्या मित्राने स्टिकर खोक्यासकट फेकला होता. परत जाण्याआधी तो कंपनीकडून नवा मागवावा लागला.

१५. टेक्सासात काही अडचण?

१ जानेवारी २०२५ पासून खाजगी गाड्यांची सेफ्टी तपासणी गेली, पण ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनच्या आसपासच्या काउंटींत (जिल्ह्यांत) धुराची तपासणी आहे. ती संगणकाला वायर लावून होते. फसगत अशी: तुम्ही बॅटरी सोडवलीत की गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांची नोंद पुसली जाते. दिवा नसूनही "तयार नाही" म्हणून गाडी परत पाठवतात. इंटेक बसवल्यावर आठवडाभर शहर आणि हायवे दोन्ही चालवा, मग तपासणीला जा.

१६. दादा, पुण्यात माझ्याकडे इसुझूची डिझेल व्ही-क्रॉस पिकअप आहे. येताना बॅगेत एक घेऊन येशील?

नाही आणणार, रागावू नकोस. पहिलं, डिझेल इंजिन मुळातच गरजेपेक्षा जास्त हवा घेतं. ताकद डिझेल किती सोडतो त्यावर ठरते, म्हणून नुसती हवा वाढवून हाती काही लागत नाही. दुसरं, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाहीत आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. तिसरं म्हणजे आपली धूळ. चाकणच्या रस्त्यावर उन्हाळ्यात ट्रकांमागे जी धूळ उडते ती अडवायला कागदी फिल्टरच बरा. सांगितलेल्या मुदतीआधीच तो बदल, आणि पावसाळा संपल्यावर बॉक्स उघडून तळाचा चिखल पूस. एवढ्यात काम होतं.

१७. काढलेला मूळ बॉक्स विकू का?

विकू नका, कोणी घेतही नाही. गाडी विकताना नवा मालक तो मागतो, राज्य बदललं तर लागतो, आणि दोन महिन्यांनी आवाजाचा कंटाळा आला तर सगळ्यात आधी लागतो. बोल्ट पिशवीत घालून त्यालाच टेपने चिकटवा. माझा माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराशेजारी.